अस्तर बदलायला आलेला कोट

मावशीला माणसांची नावं कधी लक्षात राहिली नाहीत; मापं मात्र राहिली. कोणाचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे, कोण माप देताना पोट आत ओढून फसवतं, हे ती कित्येक वर्षांनंतरही सांगायची. आई म्हणायची, "हिला भूत भेटलं तर आधी त्याची उंची मोजेल."

तिचं दुकान जुन्या पेठेत, एका इमारतीच्या जिन्याखाली होतं. दुकान कसलं, एक पायमशीन, एक स्टूल आणि गिऱ्हाइकाला वळता येईल एवढी जागा. काका गेले तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. पदरी मूल नव्हतं, हातात शिवणकाम होतं. नवे कपडे शिवणारे नावाजलेले शिंपी पेठेत पुष्कळ होते, म्हणून हिने दुरुस्तीचं काम धरलं. कंबर सैल करायची, बाही आखूड करायची, अस्तर बदलायचं.

त्या पेठेत देशोदेशीची माणसं येऊन राहिली होती. एका गल्लीत चार लिप्यांमधल्या पाट्या, आणि भांडणं पाचव्याच भाषेत. मावशीला त्यातली एकही धड येत नसे. तसंही तिच्या तोंडात टाचण्या असायच्या. तीस वर्षं तिने खुणांवर निभावली.

मग गुडघे कुरकुरायला लागले. तिने मशीन विकलं आणि ती शहराच्या दुसऱ्या टोकाला आमच्याकडे राहायला आली. त्यानंतर नऊ वर्षांत ती एकदाही तिकडे फिरकली नाही. विषय काढला की म्हणायची, "काय ठेवलंय तिथे? नुसती गर्दी."

मधल्या काळात पेठेचं नशीब पालटलं. सुट्टीच्या दिवशी लोक मुद्दाम तिथे जाऊ लागले, खायला, खरेदीला, नुसते हिंडायला. आमच्या ऑफिसात जो तो तिथले फोटो दाखवायचा. मलाही जायचं होतं. मावशी हलेना, तेव्हा मी दुसरी युक्ती केली. म्हटलं, "मला कोटाचं कापड घ्यायचंय. जाऊ दे, दुकानदार देईल ते घेऊन येईन."

"दुकानदार देईल ते?" मावशी उठलीच. "तो तुला गोणपाट देईल, आणि तू हसत घेशील."

बसमधून उतरली आणि तिची चाल बदलली. गुडघे विसरून ती माझ्यापुढे चालू लागली. कापडाच्या दुकानात तिने एक ठाण उलगडलं, कडेचा धागा ओढला आणि ते परत सरकवलं. असं सहा वेळा झालं. सातव्याला म्हणाली, "हे कापून घे." दुकानदार मला हळूच म्हणाला, "या बाईंना पुन्हा आणू नका."

मसाल्यांच्या दुकानांनी नाकात झणका भरला. पुढे टोप्यांची गल्ली, घड्याळांची गल्ली, दोन प्रार्थनास्थळं एका भिंतीला टेकून. कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्यासमोर मावशी थबकली. "बत्तीस कंबर होती याची. आता अडतीस!" तो दचकून वर बघत म्हणाला, "चाळीस, मावशी." आणि उठून तिच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

जिन्याखाली आता कॉफीचं दुकान होतं. काउंटरमागच्या मुलीने विचारलं, "काय देऊ?" मावशी आतल्या भिंतीकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "इथे दिवा डावीकडून हवा. उजवीकडून लावलाय, सावली हातावर पडते." कॉफी काही तिने घेतली नाही.

जेवायला मी एक जागा हेरून ठेवली होती. मागच्या गल्लीतली छोटी खानावळ, माशाच्या सूपसाठी प्रसिद्ध. गल्लीच्या तोंडाशी मावशीने माझा दंड धरला.

"दुसरीकडे जेवू."

"का गं?"

"तिथे मी काम बिघडवलंय."

आणि भर रस्त्यात उभ्या उभ्या तिने सांगितलं. अठरा वर्षं ती दुपारचं त्याच खानावळीत जेवली. खानावळवाली परदेशातून आलेली. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नसे, तरी जिवाभावाचं मेतकूट. मग खानावळवालीचा नवरा वारला. काही महिन्यांनी ती त्याचा काळा लोकरी कोट घेऊन आली, सोबत बारा वर्षांचा मुलगा. तिने अस्तर उलटून दाखवलं, मुलाकडे बोट केलं आणि घाईने निघून गेली.

"मला वाटलं, पोरासाठी लहान करून मागतेय. पोरगं त्यांच्याच भाषेच्या शाळेतलं, त्यालाही आपलं बोलणं कळेना. गणवेश मीच दुरुस्त करायचे, म्हणून त्याचं माप माझ्या डोक्यात होतंच. चार दिवस खपून केला. तो घ्यायला आला, अंगात घालून पाठवला. कसा बसला होता म्हणून सांगू! अर्ध्या तासात ती कोट हातात घेऊन दारात उभी. खांदा कापला होता तिथे तिने बोट ठेवलं. रडली नाही, ओरडली नाही. निघून गेली." मावशीने माझ्या दंडावरचा हात काढला. "तिने मुलाकडे बोट केलं होतं, ते हा घ्यायला येईल म्हणून. उसवलेलं परत शिवता येतं गं. कापलेलं कुठून आणू?"

त्यानंतर दोन वर्षं ती त्या गल्लीला वळसा घालून जात राहिली आणि मग पेठच सोडली.

मी म्हटलं, "सूप पिऊन येऊ. ओळखलं तर ओळखलं."

आत कोपऱ्यातल्या टेबलावर एक म्हातारी बाई शेंगा सोलत बसली होती. तिने वर पाहिलं, तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग तिने आत बघून जोरात हाक मारली. तिशीची लेक पदराला, म्हणजे अ‍ॅप्रनला, हात पुसत आली. आई भराभरा बोलायला लागली, मध्ये श्वास घ्यायला तयार नाही.

लेक आमच्याकडे वळली. तिला आपली भाषा उत्तम येत होती. "आई म्हणते, तिला फक्त अस्तर बदलून हवं होतं. कोट कपाटात टांगून ठेवायचा होता. मी तेव्हा परगावी शिकत होते, नाहीतर मीच सांगितलं असतं. ती तुमच्यावर फार रागावली होती."

मावशीने मान खाली घातली.

"दोन वर्षं रागावली होती. पण माझा भाऊ तो कोट अंगातून काढेना. बाहेर पाऊस नसो, थंडी नसो, कोट हवाच. बाही कोपराला आली तरी घालायचा. शेवटी आई म्हणाली, कपाटात ठेवला असता तर कसरीने खाल्ला असता. हे सांगायला ती तुमच्या दुकानी आली. तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले होते. कुठे गेलात, कोणालाच माहीत नव्हतं."

मावशीने मान वर केली. मग म्हणाली, "तिला सांग, मी कापण्याआधी विचारायला हवं होतं."

लेकीने सांगितलं. म्हातारीने एकाच वाक्यात उत्तर दिलं आणि लेकीला हसू आवरेना.

"आई म्हणते, कोणत्या भाषेत विचारणार होतात?"

मग दोघी म्हाताऱ्या अशा हसल्या की गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. माझं सूप निवून गेलं. ते प्रसिद्ध का आहे, मला अजून नीट ठाऊक नाही.

जेवण झाल्यावर लेक म्हणाली, बाजाराच्या इमारतीच्या गच्चीवरून सगळी पेठ दिसते, लिफ्ट बसवलीय, लांबून लोक बघायला येतात. एवढी वर्षं पेठेत काढून दोघींपैकी एकीनेही ती गच्ची पाहिली नव्हती. कामातून सवड कोणाला होती! म्हणून त्या पर्यटकांच्या रांगेत उभ्या राहिल्या, तिकीट घेऊन. वर वारा होता. कठड्याला धरून दोघी आपापलं छप्पर शोधत होत्या, चुकीच्या छपरावरून वाद घालत होत्या, एक तिच्या भाषेत, एक आपल्या.

पुढे मावशी दर महिन्याला तिकडे जायची. मला नेत नसे. शेवटच्या वर्षी ती अंथरुणाला खिळली, तेव्हा खानावळवाली लेकीला घेऊन, दोन बस बदलून आमच्या घरी आली. दुपारभर पलंगाशी बसली. आतून बोलण्याचा आवाज अखंड येत होता. चहा घेऊन जाताना मी बाहेर बसलेल्या लेकीला विचारलं, "काय चाललंय त्यांचं?"

ती म्हणाली, "माझी आई तिच्या गावच्या नदीबद्दल सांगतेय. आणि तुमच्या मावशी? त्यांचा आवाज बारीक आहे, इथून कळत नाही."

मी दाराशी कान दिला. मावशी बटणांबद्दल सांगत होती.