त्रिकोणी उशी

"काढा ती उशी! उतारावर उभा राहून ऑपरेशन करायला मी काय बकरा आहे?"

आमचे मालक-सर्जन असे गरजले की, खोटं नाही सांगत, वाशीच्या खाडीवरचे बगळे ठाण्याला उडाले. मी त्यांच्या नर्सिंग होमची थिएटर सिस्टर. टेबलावर सिझेरियनला आलेली बोनकोडे गावची सून, आणि तिच्या उशाशी आमच्या भूलतज्ज्ञ बाई.

"आधी सलाईन, मग सुई, मग उशी," हे बाईंचं पालुपद. कमरेत भुलीचं इंजेक्शन दिलं की रक्तदाब घसरतो. त्यात दिवस भरलेल्या पोटानं आतली मोठी शीर दाबली, की आणखीच. म्हणून उजव्या कमरेखाली त्रिकोणी उशी, म्हणजे पोट डावीकडे झुकतं. रेक्झिनची ती उशी बाईंनी स्वतः शिवलेली. इतकी टणक, की खाडीत सोडली असती तर माणसं बसवून मोरा बंदराला लागली असती.

सरांनी ती ओढून फेकली. सून जांभया द्यायला लागली, ओठ पांढरे पडले. बाईंनी दोन्ही हातांनी पोट डावीकडे लोटलं. "सिस्टर, सलाईन धो धो सोडा!" दाब चढवायचं इंजेक्शनही दिलं. मायलेकरं वाचली.

बाहेर सासू रडत होती. "माजे सुनंला काय झाला?"

"भुलीच्या बाईंनी डोस जास्त दिला हो," सर गोड आवाजात म्हणाले.

बाईंनी फक्त उशी उचलून झटकली. ती नजर तुम्ही पाहिली असती, तर सरांच्या फोटोला हार आणून ठेवला असता. गावोगाव झालं, 'ती भुलीची बाय नको.' बाई वाट बघत होत्या.

पुढे सरांनाच हर्निया झाला. वाशीत तेव्हा भूल द्यायला बाई एकट्याच. सर टेबलावर आडवे, पोट जुळ्यांचं वाटावं एवढं. आणि थिएटरच्या दारात स्टुलावर कोण? बाईंनी खास बोलावलेली बोनकोड्याची सासू!

बाईंनी उशी सरांच्या नाकासमोर धरली. "तुम्हालाही लागेल ही. नसली तर काय होतं, ते आजींना सांगा. मग सुई."

सरांना घाम फुटला. "दाब पडतो... त्या दिवशी उशी मी काढली, आजी. बाईंची चूक नव्हती."

"मंग तवा खोटा कनाला बोललास रं?"

सर सुईसाठी कुशीवर वळले.

आता बाई नाहीत. उशी माझ्या कपाटावर आहे. त्या दिवशी हात धुताना मी विचारलं होतं, "बाई, हर्नियाला खरंच उशी लागते?"

"नाही."