त्याच्या व्हॅनचे कोपरे

नवऱ्याचा हेवा वाटतो असं बायका सहसा सांगत नाहीत. मला वाटतो. तोही पगारावरून नाही की मुलीच्या लाडांवरून नाही, एका छोट्या इलेक्ट्रिक व्हॅनवरून. आम्ही दोघंही लखनौच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, एकाच विभागात शिकवतो. मी कोल्हापूरची, तो नागपूरचा. कॉलेजात मी ‘मॅडम’ असते, महानगर भागातल्या आमच्या घरी पोचलो की ‘अगं’.

विभागाने इथल्या अमीनाबाद बाजारातल्या कापडवाल्यांसाठी मालाची लहान व्हॅन करायला घेतली होती. बाहेरचा आकार कोणाचा घ्यायचा, यावर शेवटी दोनच नावं उरली, माझं आणि त्याचं. रस्त्यावर धावणारी खरी गाडी मात्र एकच होणार होती. दुसऱ्यांनी काढलेल्या गाड्यांवरून वारा कसा वाहतो, हे शिकवण्यात माझी नोकरी चाललीय. माझी म्हणावी अशी एकही गाडी नाही. ही मला हवी होती, हट्टाने हवी होती.

दोघांनी मातीची मॉडेलं केली. ही माती कुंभाराची नव्हे, मेणासारखी असते. गरम केली की मऊ, गार झाली की घट्ट. माझी व्हॅन कुठूनही बघा, गोल आणि गुळगुळीत. त्याची पुढून बरी, मागून करवतीने कापल्यासारखी. मी सगळ्यांसमोर नाक मुरडलं, “ये डिब्बा है क्या?” त्याला राग आला नाही. त्याला राग येतच नाही, हेच तर माझं दुखणं आहे.

चाचणीसाठी मॉडेलवर लोकरीचे छोटे धागे चिकटवतात आणि समोरून जोराचा वारा सोडतात. वारा अंगाला धरून गेला की धागे निपचित मागे पडून राहतात, सुटला की भिरभिरतात. त्याच्या गाडीवरचे धागे शहाण्या मुलांसारखे शेवटपर्यंत पडून राहिले. माझ्या गाडीच्या मागच्या गोल कोपऱ्यांवर मात्र ते पिसाटले. तिथून सुटावं की वळावं, हे वाऱ्यालाच कळत नव्हतं. वाऱ्याचा विरोध मोजला, तर तोही माझ्याच गाडीला जास्त.

चूक मला तिथेच दिसली. पुढचे कोपरे गोल करा, मागची कड धारदार ठेवा, म्हणजे वारा एकदाच आणि सरळ सुटतो, हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. आणि स्वतःची गाडी मात्र छान दिसते म्हणून मागूनही गोंजारून गोल केली. आपला तो बाळ्या, दुसरं काय.

“सर वाला फाइनल,” विभागप्रमुख म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परका कोणी जिंकला असता तर घरी येऊन नवऱ्याजवळ त्याला चार शिव्या तरी घातल्या असत्या. इथे ज्याच्याजवळ रडायचं तोच जिंकलेला.

ही माती महाग, म्हणून आमच्याकडे रीत अशी, की हरलेलं मॉडेल खरवडायचं आणि तीच माती जिंकलेल्याच्या मोठ्या मॉडेलवर चढवायची.

“अगं, मी खरवडतो,” तो म्हणाला.

“हात लावून तर बघ,” मी म्हणाले आणि स्वतःच खरवडलं. मागचे कोपरे सगळ्यात शेवटी खरवडले.

मग त्याच्या मोठ्या मॉडेलचे पुढचे कोपरे काही केल्या जमेनात. एक फुगलेला, एक चपटा. त्याचा हातच जड आहे. मला बघवेना. शेवटी मीच माती चढवली आणि दोन्ही कोपरे तासून सारखे केले. मुद्दाम बिघडवावेत असं करताना सारखं मनात येत होतं, पण हात ऐकेनात. ते नीटच करत राहिले.

गाडी तयार झाली. हजरतगंजात एका सकाळी ती लोकांना दाखवली. कोणीतरी पुढच्या बाजूचं कौतुक केलं, तसं नवऱ्याने मला हाताला धरून पुढे ओढलं. “ये कोने मैडम के हैं, पूरे मैडम के.” दिसेल त्याला सांगत सुटला. त्याने श्रेय लाटलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. तेवढीही सोय त्याने ठेवली नाही.

परतताना ऑटोत त्याने विचारलं, “काहून गप्प आहेस? सांगितलं ना मी सगळ्यांना.”

“सांगितलंस,” मी म्हणाले. “पण मला कोपरे नको होते रे. मला गाडी हवी होती.”

घर येईपर्यंत तो ऑटोवाल्याला उगाचच वळणं सांगत राहिला. त्याला लागलं होतं. आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.