अक्काचा तांबडा रंग

परवा चित्रासाठी गेरू कालवायला घेतला. त्यावर पाणी पडलं आणि ओल्या खापरासारखा वास आला. त्या वासानं मला थेट तेरला, तेरणा नदीच्या काठावर नेलं.

माझी थोरली बहीण, अक्का, नांगरटीत सापडलेली जुनी खापरं दगडावर उगाळत होती. त्या तांबड्या पाण्यात बोट बुडवून ती सपाट खडकावर आडवे पट्टे ओढायची, एक दाट, एक फिक्कट. उन्हात वाळताना त्यांचा रंग हळूहळू बदलायचा.

"हे काय हाय गं, अक्का?"

"काय न्हाय. नुसतं बघ."

मी बघत राहिले. तेवढ्यात आईची हाक आली. अक्काला बघायला बेंबळीहून पाहुणे आले होते. तिनं घाईनं हात धुतले, परकराला पुसले आणि ती घराकडं पळाली. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. पुढं संसारात तिनं पुन्हा कधी रंगात बोट घातलं नाही.

चित्रकार झाले ती मी. माझ्या चित्रांत माणसं नसतात, झाडं नसतात, नुसते रंगाचे पट्टे असतात. हे कुठून सुचलं, असं कुणी विचारलं की मी अक्काचं नाव सांगते.

"अरे वा! त्याही चित्रं काढतात?"

"काढली असती," मी म्हणते.