साडूंचा मोवर

माझ्या साडूंइतका स्वतःवर विश्वास असलेला माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा नाही. असलाच, तर तो अजून त्यांच्या हाती लागलेला नसावा. येलदरीकडे त्यांची मोसंबीची बाग आहे. डॉक्टरनं गोळी दिली की तीही ते उजेडात धरून तपासतात. आयुष्यात आपली निवड कधीच चुकली नाही, असं ते जेवताना सांगतात. मेव्हणी तेव्हा मुकाट्यानं भाकरी वाढत असते.

त्यांच्या बागेतलं गवत दरवर्षी आबा नावाच्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाचा कळप खायचा. बागेला लेंडीखत मिळायचं आणि संध्याकाळी हे दोघं बांधावर तंबाखू मळत बसायचे. मागच्या वर्षी कळप आलाच नाही. आबांच्या पोरांना मेंढ्या विकायच्या आहेत, असं कानावर आलं. साडू दोन दिवस बांधावर एकटेच तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "आपलं कुणावाचून आडत न्हाई," आणि छोट्या ट्रॅक्टरला जोडायचा गवत कापायचा मोवर घ्यायला मला घेऊन परभणीला निघाले.

दुकानदारानं सगळ्यात रुंद मोवर दाखवला. बाग लवकर उरकेल म्हणाला. साडूंनी घरून मापाची कामटी आणली होती. ती आडवी धरून ते म्हणाले, "फांद्या मोडल्यावर मोसंबी काय तुमच्या यंत्राला लागायचीत?" त्यांना चाकांच्या खुणा झाकेल एवढाच रुंद आणि फांदीखालून सरकेल एवढाच उंच मोवर हवा होता. दुकानातला प्रत्येक मोवर त्यांनी खाली वाकून पाहिला, आणि शेवटी आधी नापसंत केलेल्यांतलाच एक अरुंद, बुटका मोवर घेतला. गावी आल्यावर तो बसवायला सपाट जागा हवी, म्हणून ट्रॅक्टर थेट देवळासमोरच्या फरशीवर नेला. आधी टायरची हवा सारखी केली, मग पात्यांची उंची चारी बाजूंनी बोटांनी मोजली आणि पुढची कड किंचित खाली घेतली. हरिपाठाला आलेली मंडळी चपला हातात धरून ताटकळली, तर त्यांनाच म्हणाले, "जरा थांबा की, माप घ्यायलोय." पण मोवर असा चालला की बाग गालिच्यासारखी दिसू लागली. पुढे महिनाभर गावात कुणालाही दुसरा विषय काढता आला नाही.

यंदा गेलो तर बागेत गुडघाभर गवत. विचारलं तर म्हणाले, "पात्याला धार लावायचीय." पाती मी पाहिली, चांगली लखलखत होती. साडू मात्र सारखे रस्त्याकडे बघत होते, आणि त्यांच्या मनात काय आहे ते मला तेव्हा कळलं.

तिसऱ्या दिवशी आबा आले. मागे मोजक्याच मेंढ्या होत्या. शेडमधला मोवर दिसताच ते बांधावरच थबकले. "मालक, तुमी तर यंत्र घेतलं. आता आमचं काय काम? जातो फुडं."

साडूंनी पागोटं सारखं केलं. "घेतलं खरं, आबा. पण त्याच्यानं व्हईना. माझीच निवड चुकली. सोडा मेंढ्या आत."

असं काही मी त्यांच्या तोंडून आजवर ऐकलं नव्हतं. मेव्हणी दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला.

मेंढ्या इतक्या थोड्या होत्या की अर्ध्याहून जास्त गवत तसंच राहिलं. आबा गेल्यावरही साडूंनी कितीतरी दिवस ते कापलं नाही.