तान आणि ताणा भरणारे मामा

बुऱ्हाणपुरात निघालेली एकही तान माझ्या मामेसासऱ्यांच्या तपासणीतून सुटलेली नाही, असं मी छातीठोकपणे सांगतो. मामांना स्वतःला गाता येत नाही. सगळी हयात पॉवरलूमच्या कारखान्यात ताणा भरण्यात, म्हणजे कापडाचे उभे धागे लांबवर ताणून बसवण्यात गेली. पण गाणाऱ्यांवर हक्क असा, की जणू सगळे त्यांच्याच हाताखाली कामाला आहेत. लग्नात गायकाने तान घेतली की मामा जेवणाचं ताट खाली ठेवतात, डोळे मिटतात आणि हवेत बोट ओढत राहतात. बोट मध्येच थांबलं की गायकाचं काही खरं नाही. शाहपूरच्या एका लग्नात तर ते थेट मंचावर चढले. "बेटा, दम अच्छा है, पण मधे ढिली सोडली तू. ढिला ताणा लूमवर चालत नाय!" गायक बिचारा नवरदेवाकडे पाहू लागला.

या सगळ्याच्या मुळाशी त्यांचा एक शोध होता. खिशात कायम सुताची गुंडी. पाहुणा आला की एक टोक त्याच्या हातात द्यायचं आणि दुसरं धरून आपण दारापर्यंत मागे सरत जायचं. "ताणा, ताणा! हां. 'तन्' म्हणजे ताणणं, पसरवणं. त्यातूनच आमचा ताणा, त्यातूनच तुमची तान. सूर तोडायचा नाय, लांबवायचा." शब्दाचं हे मूळ त्यांनी संस्कृतच्या एका शिक्षकांकडे चार खेपा घालून पक्कं करून आणलं होतं. मामी आतून ओरडायच्या, "पावण्याला आधी बसू तं द्या!"

मी शाळेत संगीत शिकवतो. एका गणेशोत्सवात मंडळाने मला 'तान' या विषयावर बोलायला बोलावलं, आणि मी मामांचा शोध, सुताच्या गुंडीसकट, माझा म्हणून सांगितला. मामा पहिल्या रांगेत होते. त्यांचं नाव ओठांपर्यंत आलं होतं. टाळ्या पडल्या आणि मी ते गिळलं. त्याच भरात ताणा आडवा असतो, असंही ठोकून दिलं. या गावात! मागून एक म्हातारे विणकर उठले, "मास्टरजी, ताना तो खडा रहता है!" सभा हसली. तेवढ्यात मामा उभे राहिले. "जावईबापूंची गलती नाय. लूमचं त्यांनी मला विचारलं होतं, मीच उलटं सांगितलं. वय झालं आता."

हयातभर ताणा भरलेला माणूस! त्या सभेत त्यांचा उल्लेख एकदाच झाला, तोही माझ्या चुकीसाठी. मी तेव्हाही गप्प बसलो. पुढे कित्येक वर्षं बसलो.

परवा गेलो आणि कबूल केलं. मामांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळे कबुली कानाशी ओरडून द्यावी लागली; गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. "तो शोध तुमचा होता, मामा! मी चोरला!"

मामा म्हणाले, "अहो, माझ्याकडून ऐकायला चहाच्या आशेने चार जण बसायचे. तुम्ही सांगितलं तं अख्खं मंडळ बसलं. मी दुसऱ्या दिवशी कारखान्यात पेढे वाटले."

मला तुमचा अभिमान वाटतो, एवढं मात्र मला ओरडून सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहितो आहे. मामांना अजून बारीक अक्षर वाचता येतं.