पाचटाची ठिणगी

फौजेतून निवृत्त होऊन आलेल्या माणसाला हुकूम सोडायची सवय लागलेली असते. घरात कुणी ऐकेना, तेव्हा मी गावामागचा डोंगर धरला. आमच्या कोरेगावच्या बाजूला असे बोडके डोंगर पुष्कळ. पायथ्याला कालव्याचं पाणी आणि ऊस, वर नुसते दगडधोंडे. गावातली चार तरणी पोरं गोळा करून रोपवाटिकेतून सिल्व्हर ओक, नीलमोहर अशी देखणी रोपं आणली आणि घागरीनं पाणी घालून एक उन्हाळा जगवली. शिवाय ग्रामसभेत चराईबंदीचा ठराव करून घेतला.

ठरावाचा फटका एकाच माणसाला बसला. माणदेशातून येऊन आमच्याकडे राहिलेला एक म्हातारा मेंढपाळ होता, सगळं गाव त्याला मामा म्हणायचं. त्याची मेंढरं वर्षानुवर्षं याच डोंगरावर चरत. तो एवढंच म्हणाला, "फौजी, गवात मेंढराच्या पोटात गेलं न्हाई, तर आगीच्या पोटात जाईल बगा." मी हसलो. म्हाताऱ्याला आपल्या कळपाची पडली आहे, असं मला वाटलं. तो पलीकडच्या डोंगरावर जाऊ लागला.

पुढच्या पावसाळ्यात गवत कमरेएवढं वाढलं. आम्ही कौतुकानं त्याचे फोटो काढले.

माघात ऊस तुटून गेला, तसं पायथ्याच्या माझ्या रानात उरलेलं वाळल्या पात्यांचं पाचट मी पेटवून दिलं. सगळेच पेटवतात. दुपारी वारं सुटलं आणि एक पेटती पात उडून बांधापलीकडच्या गवतात पडली. मी धावलो, पोत्यानं झोडपून काढलं, पण तेवढ्या वाळल्या गवतापुढं एक पोतं काय करणार? तासाभरात डोंगर काळा झाला. माझी रोपं उभ्या उभ्या भाजून गेली.

संध्याकाळी देवळापुढं माणसं जमली. मी तोंड उघडायच्या आत कुणीतरी म्हणालं, "मेंढरंवाल्यानंच लावली आसंल. नवं गवात यावं म्हणून लावत्यात ही." सगळ्यांनी माना हलवल्या. सीमेवर बंदूक घेऊन उभा राहिलेला मी तिथं मूग गिळून बसलो. त्याची आजही लाज वाटते. त्यानंतर खतासाठी मेंढरं रानात बसवायला मामाला गावात कुणी बोलावेना. आणि म्हाताऱ्याचं पोट त्यावरच होतं.

चैत्रात मी मेलेली रोपं उपटायला वर गेलो. मामा आधीच तिथं होता. त्यानं काठीनं राख बाजूला केली. पळसाच्या जळक्या बुडख्याशी तांबूस कोंब फुटले होते. पलीकडं आपटा होता, बोर होती. यातलं एकही झाड मी लावलेलं नव्हतं, आणि डोंगरावर इतकं फिरूनही मला ती कधी दिसली नव्हती.

"ह्यांची मुळं जुनी हायती," तो म्हणाला. "येकदा जळलं तर उठत्यात. पर दर साली जाळलं, तर मुळं बी दमत्यात."

माझ्यानं राहवेना. "मामा, आग माझ्या पाचटाची हुती."

"ठावं हाय की. धूर कुठनं उठला, त्यो पलीकडच्या डोंगरावनं दिसतूय."

"मग तवा बोलला का न्हाईसा?"

त्यानं कोंबाभोवतीची राख काठीनं आणखी सारली. "बोललो आसतो, तर तुमी लाजंनं परत हितं पाय ठेवला नसता. माझ्या मेंढरास्नी दुसरा डोंगर हाय. ह्या कोंबांची राखण कोण करणार?"

दुसऱ्या दिवशी मी देवळापुढं माणसं बोलावली आणि सगळं सांगितलं. जन्मभर हुकूम सोडले, त्या दिवशी कबुली दिली. दिवाळीनंतर डोंगरावरचं गवत मेंढरांना चारायचं आणि कोंब कुठले राखायचे ते मामा दाखवील, एवढंही बोललो. काही जण हसले, काही उठून गेले. मामा मागं खांबाला टेकून बसला होता. मी त्याच्याजवळ गेलो आणि चार माणसांदेखत त्याला मेंढरं माझ्या रानात बसवायला बोलावलं. जिथं पाचट पेटवलं होतं, त्याच रानात.