जेवल्यावर तीन तास

मिग्दालिया जन्मात घाबरली ती एकाच गोष्टीला, भरल्या पोटी पाण्यात उतरण्याला. वादळात छप्पर उडालं तेव्हा ती शिव्या घालत गल्लीभर पत्रे गोळा करत फिरली. नवरा सोडून गेला तेव्हा त्याच्याच शर्टाची फडकी करून तिनं ओटा पुसला. पण जेवून तीन तास व्हायच्या आत कुणी नुसतं पायावर पाणी घेतलं तरी ही ओरडत धावून जायची. लकवा मारतो, तोंड वाकडं होतं, माणूस दगडासारखा तळाला जातो. हसू नका, आमच्या कोहीमारात, क्यूबातल्या या कोळ्यांच्या गावात, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. इस्त्री केल्यावर लगेच कुणी फ्रिज उघडत नाही, गरम कॉफी पिऊन वाऱ्यात उभं राहत नाही आणि जेवून समुद्रात जात नाही. मिग्दालियाचा मामेभाऊ असाच गेला. भात आणि काळा घेवडा पोटभर हाणला आणि धक्क्यावरून उडी मारली. तो दारू प्यायला होता असंही काही जण म्हणतात, पण लोक काय, काहीही म्हणतात.

तर ही मिग्दालिया स्वयंपाकीण होती, हवानाच्या पूर्वेला समुद्राकाठी आजारी मुलांची वसाहत आहे तिथे. मुलं आपली नव्हेत. पार युक्रेनहून विमानानं यायची, तिकडे अणुभट्टी फुटली त्या मुलखातली. कुणाचे केस गेलेले, कुणाच्या कातडीवर पांढरे डाग, कुणाच्या गळ्यात गाठ. आमच्या देशानं सांगितलं, पाठवा इकडे, बरी करून परत देतो. सांगितलं तेव्हा आमचं बरं चाललं होतं. मग रशियाच मोडला, तेल यायचं बंद झालं, आणि आमच्याच ताटात काही उरलं नाही. पण दिलेला शब्द कुणी मागे घेतला नाही, विमानं येतच राहिली.

त्या वर्षी, ब्याण्णव साली, अख्खं कोहीमार सायकलवर आलं होतं आणि सगळ्यांचे पट्टे दोन-दोन भोकं आत गेले होते. सकाळी साखरेचं पाणी पिऊन मिग्दालिया पॅडल मारत कामावर जायची. तिकडे कढईत मांस, दूध, अंडी. इकडे घरी बारा वर्षांची लेक युसिमी, तिच्यासाठी उकडलेलं रताळं. मुलांच्या वाट्याचा कण घरी न्यायचा नाही आणि मुलांच्या भांड्यातलं तोंडात घालायचं नाही, हा मिग्दालियाचा स्वतःचा कायदा होता. शेजारची एर्मिनिया टोमणे मारायची. स्वतःच्या पोरीच्या बरगड्या मोजून घ्याव्यात आणि सरकारनं दुनियेला जेवायला घालावं, हे कुठलं शहाणपण, असं ती मुद्दाम खिडकीतून मोठ्यानं म्हणायची. एकदा मिग्दालियानं सायकल थांबवली.

"सरकार कुठे वाढतंय गं? वाढते मी," ती म्हणाली. "आणि माझ्यासमोर मूल उपाशी बसलेलं मला बघवत नाही. ते कुणाचं का असेना."

एर्मिनियानं खिडकी लावून घेतली. पण त्याच वर्षी जुलैत मिग्दालियासमोर एक मूल उपाशी बसायला लागलं.

तिचं नाव लेस्या. नऊ वर्षांची, डोक्यावर केस नाहीत म्हणून कायम निळी टोपी, गळ्याला गाठ. ऑपरेशन ठरलेलं होतं, पण त्याआधी अंगात थोडं बळ यायला हवं होतं. उलट या बाईसाहेब दर आठवड्याला हलक्याच होत चालल्या होत्या. सकाळी अर्धा पेला दूध. दुपारचं ताट जसंच्या तसं परत. रात्री दोन घास घेतले की पोट धरून म्हणायची, झालं. आतडंच आक्रसलं होतं बिचारीचं.

मिग्दालियानं आधी स्वतःलाच दोष दिला. आपल्या हाताला यांची चव नाही. मग तिनं लासाराला पकडलं. लासारा म्हणजे वसाहतीतली दुभाषी, कीवला शिकून आलेली. तिच्याकडून विचारून विचारून मिग्दालियानं बिटाचं सूप केलं, बटाट्याचे घारगे केले, दुधाला लिंबू मारून आंबट साय केली. बाकीच्या मुलांनी बोटं चाटली. लेस्यानं ताट हळूच पुढे सरकवलं आणि दोनच शब्द म्हणाली. लासारानं सांगितलं, "भूक नाही म्हणते."

"नऊ वर्षांच्या मुलीला भूक नाही? मग तिला नऊ वर्षं जगवलं कुणी?"

सोमवारी डॉक्टर अर्सेनियो स्वयंपाकघरात आले. स्वभावानं मऊ माणूस, चष्म्याची काडी चिकटपट्टीनं बांधलेली. ते म्हणाले, शनिवारी वजन करू. काटा जरासुद्धा वर गेला तर ठीक. खाली गेला तर शहरातल्या इस्पितळात हलवावं लागेल आणि नाकातून नळी घालून भरवावं लागेल. मिग्दालिया हातातला झारा तसाच धरून उभी राहिली. आई हजारो मैलांवर, भाषा कळत नाही, आणि वर नाकात नळी. तिचा जीव टांगणीला लागला. मंगळवारी ती भांडी घासताना रडली आणि कांद्यावर ढकललं. कांदा त्या दिवशी स्वयंपाकात नव्हताच.

बुधवारी तिनं ठरवलं, पोरीच्या मागे वाडगा घेऊन फिरायचं. युसिमी दोन वर्षांची असताना तिच्यामागे फिरायची तसं. दुपारी दोनला घारग्यांचा वाडगा घेऊन ती किनाऱ्यावर गेली. एरवी त्या वेळी ती भांड्यांत बुडालेली असायची, किनाऱ्यावर काय चालतं ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं. मुलं वाळूत झाडाखाली पत्ते खेळत बसली होती. पाण्यात एकच मूल होतं. निळी टोपी वाळूवर आणि लेस्या पाण्यात, उताणी, हात पसरून. हसत होती. मिग्दालियानं तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

किनाऱ्यावरचा राखणदार एलादियो शिट्टी गळ्यात अडकवून खुर्चीवर बसला होता. म्हातारा, कोहीमारचाच, जुना कोळी. मिग्दालियानं विचारलं, ही एकटीच का पाण्यात? एलादियोनं मोठ्या अभिमानानं सांगितलं की तो कुणाचीही गय करत नाही. रोज दोनला प्रत्येक मुलाला विचारतो, जेवलास का? जेवला असेल त्यानं साडेतीनपर्यंत वाळूत बसायचं. साडेबाराला जेवण, तेव्हा साडेतीनला तीन तास पुरे. आणि ही मुलगी मोठी सच्ची, कधी जेवलेलीच नसते, मग तिला कशाला अडवायचं? साडेतीनला तर तिला औषधाच्या दिव्याखाली न्यायला नर्स येतेच.

मिग्दालिया वाळूत बसली. ताटं परत का येत होती ते आत्ता कळलं.

पोरीला तिनं पाण्याबाहेर काढलं, पंच्यात गुंडाळलं, लासाराला बोलावून घेतलं. लेस्या आधी बोलेचना. खरं सांगितलं तर समुद्र बंद होईल, ही भीती. मिग्दालियानं तिला मांडीवर घेतलं आणि लासाराला म्हणाली, हिला सांग, कुणी काही बंद करत नाही, स्वयंपाकीणबाईनं शब्द दिलाय. मग लेस्या लासाराच्या कानाशी लागून बोलत राहिली. बराच वेळ बोलली. लासाराचे डोळे भरले.

"तिच्या घराच्या खिडकीतून नदी दिसते," लासारा म्हणाली. "भट्टी फुटल्यापासून नदीत जायचं नाही. अंगणातल्या मातीत खेळायचं नाही, रानात बोरं वेचायची नाहीत, पावसात उभं राहायचं नाही. आठवतंय तेव्हापासून असंच. म्हणते, हात लावू देतात असं पाणी मला इथेच मिळालं. ऑपरेशन झालं की परत जायचंय. तोवर जेवून वेळ कशाला घालवू?"

मिग्दालियानं तिचं टक्कल कुरवाळलं, पापे घेतले, बाळा, माझे आई, शहाणी गं ती, असं जे तोंडाला येईल ते बोलत राहिली. पण मनातून ती हादरली होती. शब्द देऊन बसली होती. आता जेवू घालावं तर समुद्र तुटतो, आणि जेवू घालून समुद्रात सोडावं तर पोर तळाला जाते. तिच्या लेखी यात थट्टा नव्हती. मामेभावाला बाहेर काढलं तेव्हा ती धक्क्यावर उभी होती.

ती डॉक्टर अर्सेनियोंकडे गेली. खरं सांगा, जेवून पाण्यात गेलं तर मरतं का माणूस? डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुस्तकात तसं काही लिहिलेलं नाही, ते म्हणाले. मिग्दालियानं विचारलं, मग तुमच्या मुलाला सोडता का?

 "माझी आई सोडू देत नाही," ते म्हणाले.

म्हणजे झालं. पुस्तकं हवी तितकी असोत, खात्री कुणालाच नव्हती. रात्रभर विचार करून मिग्दालियानं गुरुवारी दुपारी काय केलं, ते आजही आमच्याकडे लोक मिटक्या मारत सांगतात. ती कर्मचाऱ्यांच्या पंगतीला बसली. एरवी आपल्या वाट्याचं अर्धं डब्यात घालून युसिमीला न्यायची. त्या दिवशी सगळं स्वतः जेवली, भात, वाटाणे, रताळं, वर पाव. पंगतीतल्या शेजारणीचं उरलेलंही मागून घेतलं. मग दोनच्या ठोक्याला किनाऱ्यावर गेली, चपला काढल्या, अॅप्रन तसाच अंगावर ठेवून पाण्यात शिरली. पोहता येत नव्हतं. एलादियोनं शिट्टी मारली, मग धावत आला, मग छातीवर क्रूस काढून तिथेच गुडघे टेकले. अगं बाई, लेकीचा तरी विचार कर, म्हणाला. तोच करतेय, ती म्हणाली, तू दोर आण.

दोराचं एक टोक कमरेला आणि दुसरं एलादियोच्या हातात, अशी ती गळ्याइतक्या पाण्यात उभी राहिली. सगळी मुलं पत्ते टाकून काठावर आली. मिग्दालिया लकव्याची वाट बघत होती. मधून मधून हात वर काढून ओठ चाचपायची, वाकडे झाले का. बोटं मोजायची, हलतात का. पोट डबाडबा वाजत होतं आणि भीतीनं दात. अर्धा तास गेला. एक लाट नाकातोंडात गेली तेव्हा तिला वाटलं, संपलं. तशी ती ठसकली, शिंकली, आणि नाकातून वाटाण्याचं साल बाहेर आलं.

वाळूवर लेस्या हसत सुटली. पोट धरून, वाकून. मिग्दालियाला जे कळायचं ते कळलं, भरल्या पोटी पाण्यात उभी होती आणि अजून जिवंत होती. ती तशीच पाण्यातून ओरडली, लासारा, सांग तिला, जेवून ये म्हणावं.

लेस्यानं झाडाखाली बसून सगळं ताट संपवलं, नजर पाण्यावर ठेवून. मग आली. मिग्दालियानं तिचं मनगट असं धरलं की दुसऱ्या दिवशी पोरीच्या हातावर बोटं उमटली होती. पण सोडलं नाही. शुक्रवारीही तसंच, दोघी जेवून, दोराला बांधून. पाण्यात असताना पोर तिला आपल्या भाषेत काहीतरी सांगत राहायची, आणि ही आपल्या भाषेत हो गं, हो गं म्हणत तिचे ओठ तपासायची.

शनिवारी काटा चारशे ग्रॅमनी वर गेला. डॉक्टर अर्सेनियोंनी दोनदा बघितलं. नळीचं नाव निघालं नाही, ऑपरेशनची तारीख पडली, तीन आठवड्यांनंतरची. मिग्दालियानं स्वयंपाकघराच्या मागे जाऊन पोटभर रडून घेतलं आणि या वेळी कांद्याला मध्ये आणलं नाही.

रविवारी ती घरी होती. शाळेला उन्हाळ्याची मोठी सुट्टी होती. रताळं खाऊन युसिमी उठली आणि टॉवेल खांद्यावर टाकून दाराकडे निघाली. मिग्दालिया आतून म्हणाली, तीन तास.

युसिमी थबकली. एलादियो म्हाताऱ्यानं सगळ्या गल्लीत बातमी पोचवलीच होती. "तिला सोडलंस की," ती म्हणाली. "परक्या मुलीला सोडलंस. तिच्यासाठी जीव द्यायला निघालीस. आणि मी तुझी असून मला तीन तास?"

 लेकीच्या आवाजात राग नव्हता, तेच मिग्दालियाला लागलं. तिनं तिला उंबऱ्यावर शेजारी बसवलं आणि खिडकीतून दिसणाऱ्या नदीची गोष्ट सांगितली, जशी लासारानं सांगितली तशी. अंगणातली माती, रानातली बोरं, पाऊस. "तुझा समुद्र उद्याही इथेच आहे, बाळा," ती म्हणाली. "भीती अजून गेलेली नाही माझी. तिला सोडते तेव्हा रोज जीव जातो माझा. तुझ्यासाठी रोज दोनदा जाईल. तेवढा नाहीये गं माझ्याकडे."

युसिमी पायाच्या अंगठ्यानं फरशीची फट उकरत राहिली. समोर धक्क्यावरून पोरं उड्या मारत होती. तिनं विचारलं, ती पाण्यात एकटीच असते का? मिग्दालिया म्हणाली, मी असते, पण मी काय खेळणार, मी ओठ चाचपत उभी.

"मग उद्या मला सायकलवर मागे बसवून ने," युसिमी म्हणाली. "मी खेळेन तिच्याशी. आणि तू घाबरू नकोस, मी दुपारची जेवणार नाही. मला सवय आहे."